आधी कोणाचं होतं?

खोली बघायला गेलो तेव्हा मास्तरांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, भाडं किती परवडेल हेही विचारलं नाही. त्यांनी माझं नाव विचारलं आणि मग त्या नावाच्याच मागे लागले. अर्थ काय? ठेवलं कोणी? आणि शेवटी, आवाज खाली आणून, "आधी कोणाचं होतं?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी फोड करून विचारलं, की घरात आजोबा, काका, कोणी गेलेलं माणूस, त्याचं तर हे नाव नव्हतं ना? मी म्हणालो, नाही. वडिलांनी आपल्या मनानं ठेवलं. अभय.

"म्हणजे ज्याला भीती नाही तो," मास्तर म्हणाले.

"हो."

"मग नाही का?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. शाळेत विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. त्या दिवशी मलकपेठेतल्या त्या अनोळखी ओसरीवर, हातात बायकोनं दिलेली पत्त्याची चिठ्ठी धरून, मी खरं सांगितलं. म्हणालो, "आहे. पुष्कळ आहे."

मास्तर थोडं हसले. "हौ," म्हणाले आणि वरच्या खोल्यांची किल्ली काढून दिली. मागाहून शेजारच्यांकडून कळलं, की आमच्याआधी तीन कुटुंबांना त्यांनी नकार दिला होता. तिन्ही ठिकाणी नातवाला आजोबांचं नाव होतं.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही कुकटपल्लीला स्वतःच्या घरात गेलो, त्यानंतर दोनेक वर्षांनी झोपेतच गेले. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलेलं त्यांना सहन झालं नसतं. फाटकावर पाटी नव्हती. घरातल्या एकाही भांड्यावर नाव घातलेलं नव्हतं. टेलिफोन आला तेव्हा डिरेक्टरीत आपलं नाव छापू नये म्हणून त्यांनी दोन अर्ज केले होते, आणि लाइनमन हसत हसत ती हकीकत गल्लीभर सांगत हिंडला होता. सगळे त्यांना मास्तर म्हणत, शेजारचे मास्टर साब, समोरच्या तेलुगू बाई मास्टरगारू. सुलतान बाजाराजवळच्या एका मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. तिथेही ते हजेरी नावानं घेत नसत, नंबरानं घेत. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला सांगत होता, की चार वर्षं वर्गात बसलो पण मास्तरांच्या तोंडून माझं नाव एकदाही ऐकलं नाही. अजून कोणी सतरा म्हणालं की मान वळते.

ती नव्वदनंतरची वर्षं होती. माझी बायको मेधा बँकेत होती आणि तिची बदली इथल्या कोठी भागातल्या शाखेत झाली. तिच्यामागे मीही पुण्याची नोकरी सोडून आलो. मला कुकटपल्लीतल्या एका नव्या कंपनीत संगणकाचं काम मिळालं. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला दोन बसेस बदलून जायचो. कंपनी नवी, रीतही नवी. तिथे साहेबालाही नावानं हाक मारायची आणि सगळ्यांनी गळ्यात नावाचं कार्ड अडकवायचं. मला त्याचा कोण अभिमान. घरी येईपर्यंत काढत नसे.

मास्तरांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जाईला पाणी घालत होते. हातातला तांब्या तसाच धरून जवळ आले, कार्ड वाचलं आणि विचारलं, "हे गळ्यात घालून तुम्ही बसमध्ये बसायलात?"

हो म्हणालो.

"म्हणजे कोणीही वाचावं आणि कोणीही हाक मारावी."

मी हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी बसमध्ये एक म्हातारा माझ्या छातीकडे टक लावून बघत होता. त्याचे ओठ हलत होते. बहुधा इंग्रजी अक्षरं जुळवत असावा, दुसरं काय? तरी मी कार्ड काढून खिशात टाकलं, आणि त्यानंतर कचेरीच्या दाराबाहेर ते कधी घातलं नाही. भीती अशीच लागते. ती पटावी लागत नाही.

मास्तरांची सगळ्यात विलक्षण सवय मला एका पोस्टमनमुळे कळली. नेहमीचा पोस्टमन सायकलची घंटी वाजवून "मास्टर साब, खत है" म्हणायचा. तो रजेवर गेला आणि बदली पोरगेला माणूस आला. रविवार नव्हता, पण मी घरी होतो, कंपनीला काहीतरी सुट्टी होती. भर दुपारी फाटकाशी त्यानं पाकिटावरचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. मी जिन्यावर होतो, तिथून ओसरी दिसत होती. मास्तर आरामखुर्चीत बसले होते. ते उठले नाहीत. खुर्चीचे हात गच्च धरून बसून राहिले आणि त्यांची नजर फाटकाकडे नव्हती, घराच्या आतल्या दाराकडे होती. दुसऱ्यांदा हाक आली. तेव्हाही ते आतच बघत होते. तिसरी हाक आली तसे उठले, गेले, सही केली, पाकीट घेऊन परत आले. सदरा पाठीवर घामानं चिकटला होता.

मी विचारलं, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, काही नाही, ऊन आहे.

त्याचा उलगडा झाला तो नोव्हेंबरात.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत अशी सही करावी लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. इतकी वर्षं तिथला कारकून मास्तरांचा विद्यार्थीच होता. तो त्यांना दारातूनच ओळखायचा आणि न बोलता कागद पुढे करायचा. त्या वर्षी तो बदलून गेला. दोन दिवस मास्तर जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी वर आले. ते जिना सहसा चढत नसत. मला म्हणाले, तुमची अर्ध्या दिवसाची रजा होईल का, मला जरा सोबत हवी आहे.

कचेरीत ही गर्दी. बाकांवर म्हातारी माणसं, कोणी काठी धरून, कोणी सुनेचा हात धरून. टेबलामागे नवा तरुण कारकून, आणि त्याच्यासमोर छिद्राछिद्रांच्या लांब कागदावर नुकतीच संगणकातून निघालेली यादी. तो एकेक नाव मोठ्यानं वाचायचा, दोनदा, आणि कोणी उठलं नाही तर पेन्सिलीनं खूण करून पुढे जायचा. ज्यांच्यावर खूण होई त्यांना संध्याकाळपर्यंत ताटकळावं लागे, नाहीतर पुन्हा यावं लागे.

मास्तरांनी बसल्या बसल्या माझं मनगट धरलं होतं. त्यांचे हात थंडगार. दर नावाला त्यांची बोटं आवळत होती. मला तेव्हा तिसऱ्या हाकेचं काही ठाऊक नव्हतं, फक्त एवढं दिसत होतं की हा माणूस घाबरलाय आणि आपलं नाव आलं तरी उठणार नाही. म्हणून त्यांचं नाव येताच, पहिल्याच हाकेला, मी हात वर केला आणि म्हणालो, "हाँ, हैं इधर."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही. रागाची नव्हती. एखाद्याच्या हातून भरल्या घरात समई पडावी आणि आपण ती पडताना बघत राहावं, तशी होती.

सही झाली. घरी आल्यावर मला ओसरीवर बसवलं, दार लावून घेतलं आणि मग त्यांनी सांगितलं.

त्यांच्या आधी एक मुलगा झाला होता. आजोबांनी त्याला मोठं नाव ठेवलं. मरण नाही ज्याला, असा त्या नावाचा अर्थ. तो मुलगा अडीच वर्षांचा होऊन तापानं गेला. त्यानंतर वर्षभरानं मास्तर जन्मले. आजोबा म्हणाले, तोच परत आलाय, दुसरं नाव ठेवायचं कारण नाही. त्याचीच कुंची, त्याचेच वाळे, त्याचंच नाव. वडील कारकून माणूस. शाळेत घालताना त्यांनी जन्माची जुनी नोंदच दाखवली. नाव तेच, बापाचं नाव तेच, नवी नोंद केलेलीच नव्हती. त्यामुळे सरकारदरबारी मास्तर साडेतीन वर्षांनी मोठे होते. नोकरीतून निवृत्तही तेवढी वर्षं आधी झाले.

"ती साडेतीन वर्षं माझी नाहीत," मास्तर म्हणाले. "ती त्याची आहेत. आज तिथं मी सही केली, ती आम्ही दोघं मिळून जिवंत आहोत म्हणून केली."

मी विचारलं, आणि हाकेचं काय?

त्यांनी लावलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची. नाव घ्यायची आणि दाराकडे बघायची. मी समोर पाटावर बसलेलो असलो तरी दाराकडेच बघायची.

"पहिली हाक त्याची. दुसरी, तो येतोय का ते बघायची. तिसरी माझी. तिसरीला ती नाव घ्यायचीच असं नाही, नुसतं 'अरे' म्हणायची. 'अरे' एवढं माझं."

मग त्यांनी मला विचारलं, घरात कितवा महिना चालू आहे?

मेधाला पाचवा महिना होता.

"तुम्ही त्याच्या हाकेला ओ दिलीत," ते म्हणाले. "ओ आली तिकडं तो वळतो. उगी दिलीत. मी आधी सांगायला पाहिजे होतं. माझंच चुकलं."

मी वर आलो आणि मेधाला सगळं सांगितलं. ती बँकेतली, हिशेबी डोक्याची. म्हणाली, बिचारे, एकटं राहून राहून माणसाचं असं होतं. आणि विषय संपवला. मी मात्र त्या रात्री तिच्या पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते बघत बसलो.

मास्तर त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीशी येऊन विचारायचे, सूनबाई ठीक आहेत ना? मंडईतून सीताफळं आणून ठेवायचे. आम्ही नको म्हटलं तरी नळाचं पाणी स्वतः भरून वर पाठवायचे. आणि सातव्या महिन्यात एका सकाळी मेधाला रक्तस्राव झाला.

दोन दिवसांनी दवाखान्यातून परत आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की धोका टळलाय पण आता उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. मेधाची आई नव्हती, आणि असती तरी माहेरी पाठवणं शक्य नव्हतं. मी फाटकातून आत आलो तर मास्तर ओसरीवर उभे. त्यांनी काही विचारलं नाही. मी म्हणालो, ठीक आहे. ते मटकन खाली बसले. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता, हे समोरच्या बाईंनी सांगितलं.

त्या दोन महिन्यांत मेधाला भीती वाटली का, मी विचारलं नाही. मला वाटली. पहाटे फाटक वाजलं तरी वाटायची. मी शिकलेला माणूस, दिवसभर यंत्रासमोर बसून काम करणारा. हे सगळं योगायोगाचं आहे हे मला समजत होतं. समजून काही फरक पडत नव्हता. आणि खरं सांगायचं तर माझी भीती मास्तरांनी दिलेली नव्हती, ती आधीपासून होती.

मला शिरीष नावाचा धाकटा भाऊ होता. तो अकरा वर्षांचा असताना पुण्याला कालव्यात बुडाला. मी तेरा वर्षांचा, काठावर उभा होतो. तो पाण्यात ओढला जाताना मी त्याला हाक मारली नाही, कोणालाच मारली नाही. आवाजच फुटला नाही. रस्त्यावर माणसं होती. घरी कोणी मला बोललं नाही. पण त्यानंतर कोणी "अभय" म्हणालं की मला ते नाव टोचायचं. वाटायचं, सगळ्यांना अर्थ माहीत आहे.

हे मी मास्तरांना सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या नावाचं विचारलं होतं, माझ्या भावाच्या नावाचं नाही.

माझी आई फेब्रुवारीत आली. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. आईनं त्याला हातात घेतलं, त्याच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि आपल्या ट्रंकेतून एक चांदीची वाटी काढून पाळण्याशी ठेवली. वाटीच्या काठाखाली नाव कोरलेलं होतं. शिरीष. त्याच्या बारशात आलेली वाटी. इतकी वर्षं तिनं ती कुठे ठेवली होती, मला माहीत नव्हतं.

"नाव शोधायला नको," ती म्हणाली. "आहेच."

मेधानं माझ्याकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाली, "तू बोल. मी सून आहे, मी बोलले तर वाईट दिसेल." मी म्हणालो, बोलतो. आणि दहा दिवस बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो, संध्याकाळी आईला बाळापाशी बसलेली बघायचो आणि गप्प राहायचो.

बारशाच्या दोन दिवस आधी मास्तर बाळ बघायला वर आले. आईनं त्यांना पाट दिला, डिंकाचा लाडू दिला. दोघं एका वयाची असावीत. गप्पा छान चालल्या होत्या. पुण्याचं पाणी, इथलं पाणी, भाव कुठे गेलेत. मग मास्तरांची नजर वाटीवर गेली. त्यांनी ती उचलली आणि नाव वाचलं. मनातल्या मनात. ओठ हलले नाहीत.

मला वाटलं, उठावं आणि काहीतरी निमित्त काढून त्यांना खाली न्यावं. जागचा हललो नाही.

"हे आधी कोणाचं होतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या धाकट्याचं," आई म्हणाली.

मास्तरांनी लाडू बशीत परत ठेवला. मग त्यांनी आईला ते सांगितलं, जे मलाही सांगितलं नव्हतं. त्यांची आई गेली तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते. महिनाभर तिच्या उशाशी बसून होते. शेवटच्या दिवशी तिनं नाव घेतलं. ते थांबले. तिनं पुन्हा घेतलं. ते थांबले. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ते पुढे वाकून म्हणाले, आई, मी इथेच आहे.

"तिनं डोळे उघडले," मास्तर म्हणाले. "माझ्याकडं नीट बघितलं. आणि म्हणाली, 'तू नव्हे.'"

तिचा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता, ते म्हणाले, आणि तळवा उपडा धरलेला. एवढ्या उंचीवर. त्यांनी आपला हात जमिनीपासून दोन वितींवर धरून दाखवला. खाली बसलेल्या अडीच वर्षांच्या मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर.

बाळ चुळबुळलं. आईनं पाळण्याची दोरी ओढली.

"तुमच्या आईचं चुकलं असेल," ती सावकाश म्हणाली. "मी नाही चुकणार."

आणि उठून आत गेली. मास्तर उठले. जाताना मला म्हणाले, "मी आगाऊपणा केला. माफी मागतो म्हणून सांगा त्यांना." उतरताना ते भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरत होते.

बारसं दुपारी होतं. मेधाच्या बँकेतल्या चौघीजणी, समोरच्या बाई, पुण्याहून आलेली माझी ताई. पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. मास्तरांना बोलावलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. ते आले आणि आत न येता उंबऱ्याबाहेर चपला ठेवायच्या जागी उभे राहिले. पाळणा म्हणून झाला. ताई बाळाच्या कानाशी वाकली. आत्यानं नाव सांगायचं, मग बायकांनी पाठीत धपाटे घालायचे, सगळं ठरल्याप्रमाणे. ताईला आईनं सकाळीच नाव सांगून ठेवलं होतं.

तेव्हा मी म्हणालो, "ताई, थांब. शिरीष नको."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. फार मोठा आला होता. धपाट्यासाठी उगारलेले बायकांचे हात थांबले. समोरच्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही हातातली खणाची घडी खाली ठेवली.

आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती ते बोलणार, जे तिनं वीस वर्षं बोललं नाही. कालव्याचं. मी वाट बघत राहिलो. मी घाबरलो होतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

ती ते बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग त्याला हाक कोण मारणार आता?"

इतके दिवस मला वाटत होतं, की आईला शिरीष परत हवाय. तिला फक्त ते नाव तोंडात हवं होतं. घरात कोणी त्या नावाचं नसेल तर ते मोठ्यानं घ्यायचं निमित्त काय?

उत्तर उंबऱ्यातून आलं.

"तुम्ही मारा," मास्तर म्हणाले. "त्यालाच मारा. बिनधास्त मारा, कोणी काय म्हणतंय ते बघू नका. फक्त याच्याकडं बघून मारू नका."

आई कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ती वाटी पाळण्याशेजारून उचलली, पदरानं पुसली आणि कमरेला खोचली. ताईला म्हणाली, "घे, दुसरं काय ते घे."

मेधानं निखिल म्हटलं. आमच्या दोन्ही घरांत त्या नावाचं कोणी होऊन गेलं नव्हतं. त्या वर्षी मात्र गल्लोगल्ली निखिल होते, इतकं ते साधं नाव. मास्तरांनी खात्री करून घेतली, मेधाला दोनदा विचारलं, मग त्या दुपारी पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आले आणि बाळाच्या मुठीत अकरा रुपये ठेवले. त्यांनी बाळाचं नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट, सगळ्यांसमोर. ज्या माणसानं तीस वर्षं हजेरीचे नंबर घेतले तो माणूस पाळण्यावर वाकून "निखिल" म्हणाला, आणि मग आपण काय केलं हे कळल्यासारखा गडबडून बाजूला झाला.

आई त्यानंतर महिनाभर राहिली. मास्तरांशी पुन्हा पूर्वीसारखं बोलू लागली. त्यांना पुण्याची काळ्या मसाल्याची आमटी आवडली होती, ती खाली वाटीभर पाठवायची. पण त्या दिवसाबद्दल ती कोणाशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. मला धाकधूक वाटत होतीच. आता रोज वाटायचं, ती विसरून बाळाला ते नाव म्हणेल. आंघोळ घालताना, तेल लावताना, मी दाराआड उभा राहून ऐकायचो. ती त्याला सोन्या म्हणायची, बाळा म्हणायची, निखिलही म्हणायची. ते नाव आलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती गच्चीवर दुपटी वाळत घालायला गेली. मी बादली घेऊन मागून जिना चढत होतो. शेवटच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा तिनं हातातला चिमटा खाली ठेवला आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. समोर पलीकडच्या घरांच्या गच्च्या, टाक्या, नव्या केबलच्या वायरी. तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली.

"शिरीऽष, चल रे घरी."

जेवायच्या वेळी मैदानावरच्या मुलाला मारतात तशी. लांबवून, थोडी रागे भरल्यासारखी. इतक्या वर्षांनंतर तो आवाज ऐकला आणि माझ्या हातातून बादली निसटली. पाणी जिन्यावरून खाली गेलं. खाली अंगणात मास्तर होते. त्यांनी वर पाहिलं नाही. आहे त्या जागी, मान खाली घालून उभे राहिले, जसं कोणाची प्रेतयात्रा जाताना राहावं.

पलीकडच्या गच्चीवरची एक बाई वळून बघायला लागली. आई थांबली होती. ऐकत होती. कुठूनही ओ आली नाही. मग तिनं पुन्हा चिमटा उचलला आणि उरलेलं दुपटं झटकलं.

मी जिना उतरून धावत खोलीत गेलो. मेधा बाळाशेजारी आडवी झाली होती, तिचाही डोळा लागला होता. मी पाळण्यावर वाकलो. छाती हलत होती. एक मूठ उघडी होती. हाक खोलीपर्यंत आली असणार, खिडकी उघडीच होती. बाळ झोपलेलं होतं. त्याचं नाव वेगळं होतं.